एम्युलेटरवर लहानपणीचे टीव्ही गेम घाईत का पळतात? घरच्या कम्प्युटरवर ते पूर्वीसारखे कसे चालवायचे?

तुम्ही लिहिलंय की ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेम यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकला, कॉन्ट्रा आणि मारिओ सुरूही झाले, पण सगळं घाईत पळतंय, गाणीसुद्धा. बटण दाबल्यावर उडी जरा उशिरा लागते. आणि घरचे म्हणतात, वय झालं, हात चालत नाहीत आता.

हात चालतात तुमचे. आठवणही बरोबर आहे. त्या काळी आपल्याकडे हे खेळ खरोखरच हळू चालायचे, आणि एम्युलेटरला ते कुणीतरी सांगावं लागतं. मला हे कळायला दोन वर्षं लागली, म्हणून सविस्तर लिहिते.

आपले जुने टीव्ही पीएएल पद्धतीचे होते. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ५० वेळा बदलायचं. जपान-अमेरिकेत ते ६० वेळा बदलायचं. त्या काळचा खेळ चित्राच्या तालावर चालतो: चित्र एकदा बदललं की मारिओ एक पाऊल पुढे, गाण्याचा ठेका एक घर पुढे. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानात १९८३ मध्ये आला, आणि आपल्या घरांत 'टीव्ही गेम' म्हणून जे डबे आले ते बहुतेक त्याच्या नकला होत्या. त्यांना आपल्या टीव्हीवर चित्र दाखवायचं होतं म्हणून ते ५० वर चालायचे, पण कॅसेटमधला खेळ मात्र ६० साठी लिहिलेला. म्हणजे सगळं सहाव्या हिश्श्याने सावकाश. एम्युलेटर फाईल उघडतो, खेळ जपानी किंवा अमेरिकन आहे हे बघतो आणि इमानाने ६० वर चालवतो. त्याच्या दृष्टीने तेच बरोबर. आपण मात्र ५० वर लहान झालो.

याचा पडताळा घरी घेता येतो. सुपर मारिओ सुरू करा, पहिल्याच लेव्हलला मारिओला हलवू नका, नुसतं उभं ठेवा. वरच्या कोपऱ्यातला टाइम ४०० पासून उतरायला लागतो. दर २४ चित्रांनी एक आकडा. १०० वर आला की ती घाईची धून वाजते. ४०० ते १०० म्हणजे ३०० आकडे, ७,२०० चित्रं. ६० च्या वेगाला त्याला २ मिनिटं लागतात, ५० च्या वेगाला २ मिनिटं २४ सेकंद.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत कराडला आईकडे माळा आवरताना आमचा जुना डबा सापडला. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, अॅडॉप्टरची वायर चिकटपट्टीने जोडलेली, रिमोटवरची लाल बटणं भावाच्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत. शेजारच्या काकूंकडे अजून जाड पाठीचा टीव्ही होता. अँटेनाच्या भोकात वायर खोचून चॅनल शोधता शोधता मुंग्यांमधून अचानक ते निळं आकाश आलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कॅसेट तीच, मेनूत लाखो खेळ लिहिलेली आणि खरे दहा-बाराच असलेली. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि मारिओला उभं केलं. भाचरं वैतागली, आत्या खेळत का नाही म्हणून. धून वाजली तेव्हा घड्याळात २ मिनिटं २४ सेकंद होते. पुण्यातल्या माझ्या लॅपटॉपवर तोच मारिओ दोन मिनिटांत घाई करायचा.

तर आता सेटिंग. इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी पडले होते. एम्युलेटरच्या 'रीजन' या यादीत 'एनटीएससी' (जपान-अमेरिकेची ६० वाली पद्धत) आणि 'पीएएल' असतं. आपला टीव्ही पीएएल, म्हणून आपण पीएएल निवडतो. वेग तर बरोबर होतो, पण सूर उतरतो. पेटीवर एका पट्टीहून थोडा जास्तच. कारण निन्टेंडोने युरोपसाठी बनवलेल्या यंत्राचा प्रोसेसरही हळू होता, १.६६ मेगाहर्ट्झ, मूळ जपानी यंत्राचा १.७९. आवाज त्याच प्रोसेसरच्या घड्याळातून निघतो, त्यामुळे घड्याळ मंदावलं की गाणं खालच्या पट्टीत जातं. नकला करणारे इथे हुशार निघाले. त्यांना जपानी कॅसेटी जशाच्या तशा चालवायच्या होत्या, म्हणून त्यांनी चित्र ५० वर आणलं पण प्रोसेसर १.७७ वर, जवळजवळ मूळ वेगावरच ठेवला. त्यामुळे आपल्याकडे गाणं सावकाश वाजायचं पण मूळ सुरातच वाजायचं.

या तिसऱ्या प्रकाराला एम्युलेटरवाले 'डेंडी' म्हणतात. डेंडी हा १९९२ पासून रशियात विकला गेलेला असाच एक नकली डबा. तो तिकडे इतका गाजला की या सगळ्या जातीला त्याचंच नाव पडलं. यादीत हा शब्द दिसला की डोळे झाकून निवडा. आपोआप तो निवडला जात नाही, कारण तुमच्याकडच्या फाईलवर बहुधा जपान किंवा अमेरिकेचाच शिक्का असतो.

एम्युलेटर मी मेसेन वापरते. मोफत आहे, मूळ यंत्राशी फार प्रामाणिक आहे. पहिल्यांदा उघडला की तो दोन गोष्टी विचारतो: सेव्ह वगैरे कुठे ठेवायचं आणि बटणं कुठली. सेव्ह प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे उद्या लॅपटॉप बदलला तर तो एक फोल्डर उचलला की झालं. मग सेटिंग्जमध्ये एनईएस (फॅमिकॉमचं जपानबाहेरचं नाव), तिथे जनरल, तिथे रीजन, आणि डेंडी. तुमच्या लॅपटॉपवर मेसेन दमायला लागला तर एफसीईयूएक्स घ्या, तो अगदी हलका आहे आणि डेंडी त्याच्या कॉन्फिग मेनूतही आहे. पुष्कळ जण रेट्रोआर्क सुचवतील. तो एकच प्रोग्राम असंख्य यंत्रांसाठी चालतो, पण त्याच्या मेनूंच्या जंगलात नवा माणूस हरवतो. आधी एक खेळ मनासारखा चालू दे, मग तिकडे जा.

डेंडी लावल्यावर एक नवी कटकट दिसेल: पडदा सरकताना बारीक हिसके. लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, खेळ ५० चित्रं देतो, मग दर पाचातलं एक चित्र दोनदा दाखवावं लागतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, अॅडव्हान्स्डखाली रिफ्रेश रेट असतो. तिथे ५० दिसला तर तो लावा. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर तो सहसा नसतो. एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडलात तर बहुधा मिळतो. मी टीव्हीवरच खेळते, आणि फरक इतका आहे की वायर जोडायचा कंटाळा कधी येत नाही.

उडी उशिरा लागते त्याचं कारण वेगळं. आजचे टीव्ही चित्र गुळगुळीत करायला थोडा वेळ घेतात, म्हणून टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा. बराच उशीर तिथेच जातो. ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा, त्यात गोळीचा आवाज गोळीनंतर येतो. मेसेनमध्ये आणि रेट्रोआर्कमध्येही 'रन अहेड' नावाची सोय आहे. ती एका चित्रावर ठेवा. एम्युलेटर एक चित्र पुढचं आधीच काढून बघतो आणि खेळाचा स्वतःचा उशीर खाऊन टाकतो. एकाच्या वर नेऊ नका, काही खेळांत मारिओ मधूनच टुणकन पुढे गेल्यासारखा दिसतो.

चित्राचा आकारही आठवणीतला हवा असेल तर आस्पेक्ट रेशो पीएएल ठेवा. आपल्या टीव्हीवर २८८ ओळी दिसू शकायच्या, खेळ २४० च द्यायचा, म्हणून वर-खाली काळी पट्टी राहायची आणि माणसं किंचित बसकी दिसायची. तुमच्या पडद्यावर सगळं कातरल्यासारखं धारदार दिसत असेल तर 'स्कॅनलाइन्स', म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या आडव्या काळ्या रेषा, थोड्याशा वाढवा. थोड्याशाच. जास्त केल्या की पडदा अंधारतो आणि डोळे दुखतात.

बटणांसाठी दोन यूएसबी रिमोट घ्याच. दोघांनी एका कीबोर्डवर खेळायचा प्रयत्न आम्ही करून पाहिलाय. कीबोर्डच्या आत बटणं उभ्या-आडव्या तारांच्या जाळीवर असतात, आणि साध्या कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली की काही दाबणं त्याला कळतच नाही. नेमकी उडी मारताना भाऊ गोळी झाडतो आणि तुमची उडी हरवते. रिमोट निवडताना डाव्या हाताचं अधिक चिन्हाचं बटण कडक आणि स्पष्ट आहे का ते बघा. गोल फिरणाऱ्या काठीने हे खेळ नीट खेळता येत नाहीत. आणि ती वरची दोन बटणं आठवतात? दाबून धरली की आपोआप धडाधड गोळ्या सुटायच्या. मेसेनच्या बटणांच्या यादीत 'टर्बो ए' आणि 'टर्बो बी' आहेत, ती दोन मोकळ्या बटणांना जोडा. कॉन्ट्रात गोळी बी वर आहे. बदकं मारायच्या खेळाची बंदूक मात्र आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही, ती जाड टीव्हीच्या प्रकाशावरच चालायची. एम्युलेटरमध्ये दुसऱ्या पोर्टला 'झॅपर' निवडलात की माउस बंदूक होतो.

फाईल कुठून आणायची हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. एम्युलेटर वापरण्यात काही गैर नाही. खेळांचे हक्क मात्र आजही कंपन्यांकडे आहेत, खेळ जुना झाला म्हणून ते संपत नाहीत. स्वतःची कॅसेट असेल तर ती यूएसबीवर वाचणारी छोटी यंत्रं मिळतात. घेताना ६० पिनांची कॅसेट चालते का ते बघा, आपल्याकडच्या त्याच होत्या, अमेरिकन ७२ पिनांच्या. लाखो खेळवाल्या कॅसेटी आतून वाकड्यातिकड्या जोडलेल्या असतात, त्या वाचताना त्रास देतात. एकाच खेळाची कॅसेट सोपी जाते. कॉन्ट्रा विकत हवा असेल तर कोनामीने २०१९ मध्ये काढलेल्या संग्रहात तो आहे, कम्प्युटरवर चालतो. आणि याच यंत्रासाठी आज नवे खेळ लिहिणारी माणसं आहेत. मायक्रो मेजेस हा २०१९ चा खेळ चौघांना एकदम खेळता येतो आणि त्याची फाईल ४० केबीची आहे, बरोबर सुपर मारिओएवढी. मोबाईलच्या एका फोटोत असे पन्नासेक मारिओ मावतील. हा आकडा मला आजही थक्क करतो.

एक इशारा. फाईलचं शेपूट डॉट एनईएस असायला हवं, किंवा झिप. 'सगळे जुने गेम एकत्र' म्हणून डॉट ईएक्सई मिळाली तर दोनदा क्लिक करू नका. माझ्या ओळखीतल्या एकांचा लॅपटॉप त्यातूनच लॉक झाला आणि मुलीच्या बारशाचे फोटो गेले.

व्हिडिओ गेम पार्लरमधला मुस्तफा, म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, या एम्युलेटरमध्ये शोधू नका. ते कॅपकॉमचं १९९३ चं मोठं यंत्र, त्याला १९९७ पासून चालत आलेला मेम हा पार्लरच्या यंत्रांचा एम्युलेटर लागतो. तिथे ५ दाबलं की नाणं पडतं आणि १ दाबलं की खेळ सुरू. रुपया मागायला आईकडे जावं लागत नाही, याची मला अजून सवय झालेली नाही. शाळेच्या कम्प्युटरवरचा प्रिन्स ऑफ पर्शिया हवा असेल तर डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉस कम्प्युटरचा एम्युलेटर. राजपुत्र फार जोरात किंवा फार रेंगाळत धावला तर कंट्रोल धरून एफ११ ने वेग कमी, एफ१२ ने जास्त.

तुम्ही आज एवढंच करा: डेंडी लावा, मारिओला उभं ठेवा, स्टॉपवॉच बघा. २ मिनिटं २४ सेकंद आले की घरच्यांना बोलवा आणि कॉन्ट्रा दोघांत लावा. धबधब्याच्या लेव्हलला वर चढताना खालच्याची वाट बघा, पडदा वर सरकला की मागे राहिलेला मरतो. माझा भाऊ आता चाळिशीचा आहे, आणि गेल्या दिवाळीतही त्याने मला तिथेच मारलं.