सोळा आणि आठ मिळून बत्तीस कसे?

तुझे गणित असे: १६ ग्रॅम गंधक ८ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जाळले, तर सल्फर डायऑक्साइड किती मिळेल? तुझे उत्तर ३२ ग्रॅम. आकडेमोड पुन्हा करण्याआधी या उत्तराकडेच बघ. भांड्यात सगळे मिळून २४ ग्रॅम होते, त्यातून ३२ निघतील का? हा ताळा मी मुलांकडून दर वेळी करून घेतो.

आता मोल. आमच्या घरी, सोलापूरच्या पूर्व भागात, आई विड्या वळायची. पान-तंबाखू मिळायचा वजनावर, मजुरी मात्र हजार विड्यांमागे. मोल म्हणजे तसाच एक ‘हजार’, फक्त अफाट मोठा: ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, इतके कण. तराजू ग्रॅम सांगतो, रासायनिक समीकरण मात्र नगांवर चालते. म्हणून ग्रॅम थेट समीकरणात घालायचेच नाहीत.

गंधक + ऑक्सिजन → सल्फर डायऑक्साइड. समीकरण संतुलित आहे, प्रमाण एकास एक. गंधकाचे अणुवस्तुमान ३२, म्हणजे त्याच्या एका मोलचे वजन ३२ ग्रॅम, म्हणून १६ ग्रॅममध्ये ०.५ मोल. इथवर तू बरोबर होतास. ऑक्सिजनला मात्र तू १६ ने भागलेस. वायूतला ऑक्सिजन जोडीने असतो, त्याचा रेणू दोन अणूंचा, म्हणून भागायचे ३२ ने. आले ०.२५ मोल. ही चूक इतकी सर्रास होते की मी फळ्यावर ती ‘जोडी’ दर वेळी गोल करून दाखवतो.

तर ऑक्सिजन आधी संपेल. तोच इथला लिमिटिंग रीएजंट, म्हणजे जो संपला की क्रिया थांबते तो पदार्थ. सल्फर डायऑक्साइड तयार होईल ०.२५ मोल. त्याचे रेणुवस्तुमान ३२ + ३२ = ६४, म्हणजे ०.२५ × ६४ = १६ ग्रॅम. गंधक ८ ग्रॅम तसेच उरेल. १६ आणि ८, २४. ताळा जुळला.

हे गणित पुस्तकापुरते नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते तुला माहीतच आहे. पांढरी साखर करताना गंधक जाळून हाच वायू चुना घातलेल्या उसाच्या रसात सोडतात. कॅल्शियम सल्फाइटचा साका बसतो आणि रसातला बराच मळ सोबत घेऊन जातो. विरवलेला चुना आणि हा वायू यांचेही प्रमाण एकास एक. चुन्याचे रेणुवस्तुमान ७४ धर आणि आपल्या १६ ग्रॅम वायूला तो किती लागेल ते काढ. १८.५ ग्रॅम आले नाहीत, तर तुझ्या पायऱ्या इथे लिही, मी बघतो.