खोकताना तोंडावर हात धरला की संसर्ग पसरणं थांबतं का?

नाही. तोच हात पुढच्या मिनिटाला दाराच्या कडीला, लिफ्टच्या बटणाला लागतो. रुमाल नसेल तर कोपराच्या आतल्या बाजूत खोका. कोपराने सहसा कुणी हस्तांदोलन करत नाही! हात साबणाने किमान २० सेकंद चोळा. अंगठा आणि नखांच्या कडा बहुतेकांच्या सुटतातच. सॅनिटायझरवर सगळी भिस्त नको, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही.

फ्लू तर लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच पसरू शकतो, त्यामुळे ‘मला कुठे काय झालंय’ ही सबब लंगडी. ताप आला असेल तर गोळी घेऊन ऑफिस गाठण्यात काही शौर्य नाही. औषधाशिवाय ताप उतरून २४ तास झाल्यावरच लोकांत मिसळा, तेही काही दिवस मास्क लावून.