नंबर पाठ करू नकोस, दिवस मोज

तुझा मेसेज काल रात्री वाचला. इंग्रजांचे फौजदारी कायदे गेले, नवे आले, मग आता आपल्या वकिलीत, कोर्टात काही बदलेल का, असं विचारलंयस. एका ओळीत सांगता येत नाही बाबा, म्हणून लांबलचक लिहितोय.

आधी कलमांच्या नंबरांचं टेन्शन सोड. ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८ झालं, आम्ही म्हातारे अजून ४२० च म्हणतो आणि समोरच्याला कळतं. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला भादंविच (जुनी भारतीय दंड संहिता) लागतं, त्यामुळे जुनं पुस्तक रद्दीत घालू नकोस, कित्येक वर्षं दोन्ही टेबलावर लागणारेत.

आणि इंग्रजांचं ते सगळं वाईट, हे पण नको. राजद्रोहाचं १२४अ त्यांनी १८७० मध्ये घुसवलं, त्याच्यावरच टिळकांना १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला नेलं. आता ते नावाने गेलं, पण भादंविच्या जागी आलेल्या न्याय संहितेचं १५२ शांतपणे वाच, मला तरी फक्त पाटी बदलल्यासारखी वाटते. उलट पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही, हे संरक्षण इंग्रजांच्याच १८७२ च्या पुरावा कायद्यातलं (स्वतःच्याच पोलिसांवर भरवसा नव्हता त्यांचा!), ते त्याच्या जागी आलेल्या साक्ष्य अधिनियमात कलम २३ म्हणून राहिलंय. बरं झालं.

खरी गोष्ट कोठडीची आहे. पोलीस कोठडीचे १५ दिवस आधी पहिल्या १५ दिवसांतच संपायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, कोठडी, जामीन यांची पद्धत ठरवणारा नवा कायदा) १८७ खाली ते गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. म्हणजे रिमांडला (कोठडीच्या सुनावणीला) आरोपीतर्फे उभं राहिलास की मागचे किती दिवस वापरले ते तुझ्या डायरीत लिहिलेलं पाहिजे, सरकारी वकील तुला मोजून देणार नाही.

मी ज्युनियर असताना चोरीच्या केसमधल्या एका पोराचा जामीन मंजूर करून घेतला आणि खुशीत चहा प्यायला गेलो. जामीनदार मिळतोय का ते विचारलंच नाही. चार महिन्यांनी त्याची आई कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटली, हातात तीच जामिनाची ऑर्डर, घडी घालून घालून मधोमध फाटलेली. पोरगा आतच होता. तेव्हा मला लाज वाटली ती अजून जात नाही.

म्हणून त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं एवढं एक कलम ४७९ मात्र पाठ कर. आधी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने (ज्याचा खटला अजून संपलेला नाही) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय, सोडायचं, चोरीला कमाल तीन वर्षं म्हणजे एक वर्ष झालं की हक्क आला. अर्ज तुरुंग अधीक्षकानेही करायचाय, आणि सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे जुन्या केसेसनाही लावलंय. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना नाही लागत हे, पण खरी मेख उपकलम २ मध्ये आहे, एकापेक्षा जास्त केसेस पेंडिंग असतील तर या कलमाखाली सुटका नाही, आणि गरीब पोरावर दोन-तीन केसेस असतातच. तिथे मग नेहमीचाच जामीन अर्ज, नेहमीचीच भांडाभांडी.

तुझ्याकडच्या त्या मोबाईल चोरीच्या फाइलमध्ये अटकेची तारीख काय आहे ते आज बघ, आणि आरोपीवर दुसरी केस आहे का ते त्याच्या घरच्यांनाच विचार, पोलिसांना नको. संध्याकाळी फोन कर.