रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या वेळास गावी समुद्री कासवांची पिल्लं बघायला जायचंय. गावाला त्रास न होता, उलट फायदा होईल असं कसं जावं?

फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात जा, पण निघायच्या आदल्या दिवशी, गावात ज्यांच्या घरी राहणार त्यांना फोन करून पिल्लं निघतायत का ते विचारा. अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. तारीख कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून एक मुक्काम हवाच: संध्याकाळ आणि सकाळ, दोन्ही वेळा घरट्यावर झाकलेली टोपली उचलून पिल्लं बाहेर आलीत का ते बघतात. गावातल्या घरीच राहा, पैसे थेट त्यांनाच द्या, रोख जवळ ठेवा.

किनाऱ्यावर दोरीमागेच थांबा. ओल्या वाळूत उमटलेलं आपलं पाऊल म्हणजे बोटभर पिल्लाला खड्डाच, त्यात ते उलटं पडतं. फ्लॅश, टॉर्च नको. पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात. आणि पिल्लू उचलून पाण्यात सोडून पुण्य कमवायचा मोह तर अजिबात नको.