वाचकांचे प्रश्न: ‘केस नको, इथंच मिटवू’ म्हणतात, सही करू का?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझा लहान भाऊ २९ वर्षांचा आहे, वायरिंगची कामं घेतो, महिन्याला साधारण १८ हजार सुटतात. नऊ दिवसांपूर्वी एक कार राँग साइडनं आली आणि त्याच्या बाइकला धडकली. मांडीचं हाड मोडलंय, रॉड टाकलाय. हेल्मेट घातलं नव्हतं त्यानं. कारवाले तसे सज्जन वाटतात, स्वतः हॉस्पिटलमध्ये येऊन गेले, ४० हजार देतो म्हणाले, फक्त स्टॅम्प पेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून द्या म्हणे. घरचे म्हणतात घ्या आणि मोकळे व्हा, कोर्टाची पायरी नको. पोलिसांत अजून काहीच दिलेलं नाही. सही करू का?

उत्तर: नको. तो स्टॅम्प पेपर आधी बाजूला ठेवा, मग बोलू.

कारवाले सज्जन असतीलही, पण एक गोष्ट लक्षात घ्या, त्यांच्या गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स चालू असेल (आणि तो कायद्यानं सक्तीचाच आहे) तर तुमच्या भावाची भरपाई त्यांच्या खिशातून जाणारच नाहीये, कंपनी देणार. मग ते ४० हजार स्वतःचे का देतायत? एकतर बेदरकार गाडी चालवल्याची फौजदारी केस अंगावर नको असते, नाहीतर पॉलिसी संपलेली असते, नाहीतर चालवणाऱ्याकडे लायसन्स नसतं. मी इतकी वर्षं हेच बघत आलेय. तेव्हा आधी गाडीचा नंबर टाकून परिवहन पोर्टलवर इन्शुरन्स चालू आहे का ते बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आता ४० हजार म्हणजे किती कमी ते बघा. जखमी माणसाचं पुढचं उत्पन्न किती बुडालं हे काढायला सुप्रीम कोर्टानं सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या मृत्यूच्या केसेसमध्ये घालून दिलेलीच रीत वापरतात. १८ हजारांचे वर्षाला २,१६,००० झाले. स्वतःचं काम करणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे, ३,०२,४०० झाले. समजा कायमचं अपंगत्व कामाच्या हिशोबानं ३० टक्के धरलं तर वर्षाचं नुकसान ९०,७२०, आणि २९ वयाला गुणक (वयाप्रमाणे ठरलेला, ज्यानं गुणायचं तो आकडा) १७, म्हणजे १५,४२,२४०. त्यावर हॉस्पिटलचा खर्च, घरी बसून गेलेली मजुरी, वेदनांचे वेगळे. ३० टक्के मी समजावण्यापुरते धरलेत हं, पाय पूर्ण बरा झाला तर आकडा खूपच खाली येईल. पण ते आत्ता, नवव्या दिवशी, कुणालाच माहीत नाही आणि तुम्ही मात्र आजच सही करून मोकळे होणार?

अपंगत्वाबद्दल अजून एक. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर पायाचे समजा २० टक्के आले म्हणून ट्रिब्युनल (अपघात भरपाईचे दावे चालवणारं न्यायाधिकरण) तेवढंच धरतं असं नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की त्या माणसाच्या त्या कामावर किती परिणाम झाला ते बघायचं. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा पाय आणि दिवसभर शिडीवर चढणाऱ्या वायरमनचा पाय यात फरक आहेच ना. म्हणून भाऊ नक्की काय काम करतो, शिडी किती वेळा चढतो, हे सगळं साक्षीत यायला पाहिजे. आणि १८ हजारांचा पुरावा? पगाराची स्लिप नसते अशा लोकांकडे, ठीक आहे, पण बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयवर आलेले कामाचे पैसे, कामाची वही, ज्यांच्याकडे नेहमी काम करतो अशा एकदोघांची साक्ष, हे आत्तापासून गोळा करा.

आता खरी गोम. हॉस्पिटलच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते आजच जाऊन वाचा, आजच. अॅडमिट करताना घाईत कुणीतरी ‘पोलिसांची कटकट नको’ म्हणून ‘गाडीवरून घसरून पडला’ असं सांगून टाकतं, डॉक्टर तसंच लिहितो, आणि दोन वर्षांनी कंपनीचा वकील तेवढा एक कागद दाखवून विचारतो की कार आली कुठून? अशानं चांगल्या चांगल्या केसेस गेलेल्या मी बघितल्यात. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे हॉस्पिटलनं पोलिसांसाठी केलेली नोंद) झालीय का विचारा, नंबर लिहून घ्या. चुकीचं लिहिलं असेल तर लगेच लेखी अर्ज द्या आणि त्याची पोचपावती घ्या.

एफआयआर नऊ दिवस उशिरा झाला म्हणून काही बिघडत नाही, पेशंटच्या धावपळीत होतो उशीर आणि सुप्रीम कोर्टानं रवि विरुद्ध बद्रीनारायण (२०११) मध्ये म्हटलंच आहे की निव्वळ उशिरापायी क्लेम फेकून द्यायचा नाही. पण उशिराचं कारण फिर्यादीतच लिहा. एफआयआर झाला की स्पॉट पंचनामा होतो, दोन्ही गाड्या तपासल्या जातात, आणि २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला रिपोर्ट आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल ट्रिब्युनलला पाठवायचा असतो. पाठवतात का वेळेवर? पाठपुरावा करणाऱ्याचा जातो, एवढंच सांगते.

हेल्मेटचं टेन्शन घेऊ नका. दंड होईल, पण मांडीचं हाड मोडण्याशी हेल्मेटचा काय संबंध? २०२० मध्ये ट्रिपल सीटच्या एका केसमध्ये कोर्टानं स्पष्ट केलंय की नियम मोडला एवढ्यावरून जखमीची चूक धरता येत नाही, त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. डोक्याला मार असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा, म्हणजे ट्रिब्युनलमध्ये, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. जिथं अपघात झाला तिथंच करायला पाहिजे असं नाही, तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्येही चालतो. मुदत सहा महिने, १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत परत आलीय, आधी बरीच वर्षं नव्हती त्यामुळे ‘कधीही टाकता येतं’ असं सांगणारे अजून भेटतात, त्यांचं ऐकू नका. कुणाची चूक होती हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळायचीही सोय आहे, कलम १६४. पण कंपनीकडून ते एकदा स्वीकारले की १६६ चा अर्ज संपतो, म्हणून घाईत त्याच्यावरही सही नको.

आणि हो, हॉस्पिटलच्या दारात कार्ड वाटत ‘ताई, पंचवीस टक्क्यांवर केस घेतो’ म्हणणारे येतील. टक्केवारीवर केस घेणं वकिलाला नियमानंच चालत नाही. फी काय ती आकड्यात ठरवा.

प्रश्न: मॅडम, मी दोन वर्षांपूर्वी बाइक विकली, पूर्ण पैसे मिळाले, साध्या कागदावर लिहूनही घेतलंय. आता ट्रिब्युनलची नोटीस आलीय की त्या बाइकनं एकाला उडवलं आणि मी मालक म्हणून सामनेवाला नंबर दोन. मी तर गाडीला दोन वर्षांत हातसुद्धा लावलेला नाही. दुर्लक्ष केलं तर चालेल का?

उत्तर: अजिबात नाही, हजर राहिला नाहीत तर एकतर्फी निकाल लागेल तुमच्यावर. आरसी कुणाच्या नावावर आहे? तुमच्या. मग कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात नेमकं हेच झालं होतं, गाडी हातोहात चार ठिकाणी फिरलेली आणि नुकसानभरपाई आली नोंदणी असलेल्या पहिल्या मालकावर. विक्री झाल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याचीच असते, ‘तो करून घेईल नावावर’ यावर सोडायचं नसतं.

पण हातपाय गाळू नका. अपघाताच्या तारखेला पॉलिसी चालू होती का ते शोधा. चालू असेल तर पैसे कंपनी भरेल. चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं असं निघालं तर बऱ्याचदा कंपनीला आधी जखमीला द्यायला लावतात आणि मग ती मालकाकडून वसूल करते, आणि तो मालक परत तुम्हीच, हे डोक्यात ठेवा. म्हणून लेखी म्हणणं द्या, विक्रीचा कागद, पैसे आल्याची एन्ट्री जोडा आणि खरेदीदारालाही केसमध्ये पार्टी करा असा अर्ज टाका. तुम्हाला भरावेच लागले तर त्याच्याकडून वसुलीला तो कागद उपयोगी पडेल. आणि पॉलिसी त्या तारखेला नसेल तर मात्र आजच वकील गाठा.

प्रश्न: उडवून गाडी पळून गेली, नंबर कुणीच बघितला नाही. काकांचा हात आणि बरगड्या मोडल्यात. काहीच मिळणार नाही का?

उत्तर: मिळतं, कमी मिळतं. हिट अँड रनसाठी सरकारी योजना आहे, मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापत असेल तर ५० हजार, अर्ज ज्या भागात अपघात झाला तिथल्या क्लेम चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून. एफआयआर आणि हॉस्पिटलचे कागद लागतील.

पण त्याआधी आजूबाजूच्या दुकानांचे, पेट्रोल पंपाचे कॅमेरे बघा, कारण फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं आणि पोलिस येईपर्यंत थांबलात तर गेलं. फुटेज ठेवून द्या अशी लेखी विनंती दुकानदाराला आणि ठाण्यात दोन्हीकडे द्या. गाडी सापडली तर नेहमीचा क्लेम टाकता येतो, योजनेतून घेतलेली रक्कम मग त्यातून वळती होते.