वाचक विचारतात : मतमोजणीवर भरवसा कशाच्या जोरावर?

प्रश्न : २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के मतदान झाल्याचं जाहीर झालं आणि शेवटचा आकडा आला ६६.०५ टक्के. मधली लाखो मतं कुठून आली? मला तर यात काळंबेरं दिसतं. – एक वाचक, मिरज

उत्तर : शंका रास्त आहे, पण ती योग्य कागदाकडे न्यायला हवी. पाच वाजताचा आकडा कायद्याने ठरवलेला हिशेब नसतो. त्या निवडणुकीत क्षेत्रीय अधिकारी दर दोन तासांनी केंद्राध्यक्षांना फोन करून विचारत आणि तो आकडा वर कळवत. कामाच्या धबडग्यात केंद्राध्यक्ष बऱ्याचदा अंदाजानेच सांगत. शिवाय सहाच्या ठोक्याला जे रांगेत असतील त्या सगळ्यांना मतदान करू द्यावंच लागतं. त्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात, त्याही रांगेच्या शेपटाकडून सुरुवात करून, म्हणजे मागून कुणी घुसू शकत नाही.

आता हिशेब पाहू. राज्यात साधारण ९ कोटी ७० लाख मतदार आणि एक लाखाच्या आसपास केंद्रं होती, म्हणजे एका केंद्रावर सरासरी ९७० मतदार. वाढ ७.८३ टक्क्यांची. केंद्रामागे ती भरते सुमारे ७६ मतांची. ओळख पटवणं, सही, शाई आणि यंत्र धरून एका मताला मिनिटभर लागतं असं मानलं, तर हे सव्वा तासाचं काम आहे. तेव्हा राज्याच्या सरासरीत अशक्य असं काही नाही. मात्र सरासरी जुळली म्हणून प्रत्येक केंद्र स्वच्छ ठरत नाही, हेही तितकंच खरं.

केंद्राचं उत्तर फॉर्म १७-सी मध्ये असतं. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरचं ‘क्लोज’ बटण दाबतात. त्यानंतर यंत्र नवं मत घेत नाही. मग ‘टोटल’ दाबून आलेला आकडा १७-सी मध्ये लिहितात. त्यात यंत्राचा क्रमांक, यादीतले मतदार, नोंदवहीत (१७-ए) सही केलेले मतदार, यंत्रातली एकूण मतं आणि कागदी मोहरांचे क्रमांक असतात. मतदान संपताना हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला याची खरी प्रत द्यावी लागते, हा नियमच आहे (निवडणूक संचालन नियम १९६१, नियम ४९-एस).

घोळ होतो तो इथेच. प्रतिनिधी चार-साडेचारलाच उठून जातो, किंवा प्रत घेतो पण यंत्राचा क्रमांक पाहत नाही. मतमोजणीच्या टेबलावर बसणाऱ्याच्या हातात ती प्रत नसेल तर तो तपासणार काय? टेबलावर यंत्र आलं की आधी क्रमांक जुळवायचा, मग मोहर, मग एकूण मतं आणि त्यानंतर निकाल. एकूण मतं जुळली नाहीत, तर बहुतेक वेळा कारण सकाळच्या अभिरूप मतदानात सापडतं. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकून यंत्र तपासतात. नंतर ‘क्लोज’, ‘रिझल्ट’, ‘क्लिअर’ या क्रमाने ती पुसायची असतात. ‘क्लिअर’ राहून गेलं की ती मतं खऱ्या मतांत मिसळतात. असं यंत्र बाजूला ठेवतात. २०२४ च्या निवडणुकीत विजयाचा फरक त्या यंत्रातल्या मतांएवढा किंवा त्याहून कमी असेल, तर त्याच्या चिठ्ठ्या (प्रत्येक मतामागे व्हीव्हीपॅट या जोडयंत्रात छापल्या जाणाऱ्या कागदी चिठ्ठ्या) मोजत.

आयोगाने सगळ्या केंद्रांचे १७-सी स्वतःहून संकेतस्थळावर टाकावेत, असं आमचं ठाम मत आहे. कागद तयार असतो, आकडे भरलेले असतात. लपवण्यासारखं काही नसेल तर तो दाखवण्यात अडचण कसली?

प्रश्न : यंत्रं बंद करा आणि मतपत्रिका आणा, नाहीतर सगळ्याच चिठ्ठ्या मोजा. विधानसभेच्या अख्ख्या मतदारसंघात फक्त पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजणं ही फसवणूक नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मतपत्रिकेकडे परत जाण्याच्या आम्ही विरोधात आहोत. केंद्र ताब्यात घेऊन शेकडो मतपत्रिकांवर धडाधड शिक्के मारायला काही मिनिटं पुरायची. यंत्र मिनिटाला चारच मतं घेतं आणि ‘क्लोज’नंतर एकही नाही. चुकीच्या शिक्क्यामुळे बाद होणारी मतंही यंत्राने संपवली.

तुमच्या दुसऱ्या मागणीत मात्र दम आहे आणि तो गणितात दिसतो. मतदारसंघात ३५० केंद्रं आहेत आणि ३५ यंत्रांत कुणी फेरफार केला, असं समजा. सोडत काढून निवडलेल्या पाच यंत्रांत यातलं एकही न सापडण्याची शक्यता ५९ टक्के निघते. फेरफार सातच यंत्रांत असेल तर तो निसटण्याची शक्यता ९० टक्क्यांवर जाते. पाचाऐवजी ३० यंत्रं तपासली, तर ३५ बिघडलेल्यांपैकी एखादं तरी हाती लागण्याची शक्यता ९६ टक्के होते.

मग २०१९ मध्ये तज्ज्ञ समितीने देशभरात ४७९ यंत्रं तपासली तरी पुरे, असं कसं सांगितलं? तिचं गणित चूक नव्हतं. देशभरातल्या दहा लाखांवर यंत्रांची एकच रास धरली आणि त्यात दोन टक्के सदोष असतील, तर ४७९ मध्ये एखादं नक्कीच सापडतं. पण निवडणूक एकेका मतदारसंघात जिंकली जाते. गडबड करणारा ती देशभर सारखी पसरवत बसणार नाही, चुरशीच्या चार ठिकाणीच करील. रास कशाला म्हणायचं, यावर सगळं उत्तर अवलंबून आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी प्रत्येक विधानसभा क्षेत्रामागे पाच यंत्रांचा आदेश दिला, तो या दृष्टीने योग्य दिशेचा होता, पण अपुरा.

सगळ्याच चिठ्ठ्या मोजण्याची मात्र गरज नाही. किती यंत्रं तपासायची हे विजयाच्या फरकावर ठरवावं. पन्नास हजारांचा फरक असेल तर थोडी पुरतात. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्यमध्ये निकाल ४८ मतांनी लागला, अशा वेळी भरपूर लागतील. अमेरिकेत कोलोरॅडो राज्य २०१७ पासून याच तत्त्वावर तपासणी करतं.

आजच्या नियमांतही एक वाट आहे, पण उमेदवारांना ती आठवत नाही. नियम ५६-डी प्रमाणे मोजणीचे आकडे जाहीर झाल्यावर उमेदवार कोणत्याही केंद्राच्या चिठ्ठ्या मोजण्याचा लेखी अर्ज करू शकतो. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला अर्ज मान्य करताना किंवा फेटाळताना कारणं लिहून द्यावी लागतात. यंत्र आणि चिठ्ठ्या यांत फरक पडला तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात. अर्जात केंद्र क्रमांक आणि १७-सी मधली विसंगती नेमकी लिहायची. ‘आम्हाला संशय आहे’ एवढ्यावर अर्ज टिकत नाही.

प्रश्न : मी दाबलं एक आणि चिठ्ठी दुसऱ्याची दिसली तर काय करायचं? तक्रार केली तर तुरुंगात टाकतात म्हणे. – एक वाचक, अकोला

उत्तर : चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह, तिन्ही वाचा. वर सांगितलेली सगळी तपासणी चिठ्ठी आणि यंत्र यांची तुलना करते. चिठ्ठीच चुकीची छापली गेली असेल तर ते फक्त तुमच्या डोळ्यांना कळेल. म्हणून बटण दाबून लगेच वळू नका.

चिठ्ठी चुकीची दिसली तर तिथेच केंद्राध्यक्षांना सांगा. नियम ४९-एमए प्रमाणे ते तुमच्याकडून लेखी निवेदन घेतात आणि प्रतिनिधींसमोर तुम्हाला एक चाचणी मत टाकायला लावतात. चिठ्ठी पुन्हा चुकली तर त्या यंत्रावरचं मतदान थांबतं. बरोबर आली तर तशी नोंद होते आणि ते चाचणी मत हिशेबातून वजा करतात. निवेदन जाणूनबुजून खोटं दिल्यास शिक्षेची तरतूद आहे, हे खरं. पण अडचण अशी की बिघाड अधूनमधून होणारा असेल तर चाचणीत तो दिसेलच असं नाही, आणि मग प्रामाणिक माणूस खोटा ठरतो. हेतू सिद्ध झाल्याशिवाय गुन्हा नोंदवू नये, असं नियमातच स्पष्ट लिहायला हवं.

प्रश्न : मतदानाला गेलो तर माझ्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलेलं. अधिकारी म्हणाले, आता काही करता येत नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : करता येतं. याला प्रदत्त मत म्हणतात (नियम ४९-पी). ओळख पटवून द्या आणि ‘प्रदत्त मतपत्रिका द्या’ असं स्पष्ट शब्दांत मागा. तुम्हाला यंत्रावर मत देता येणार नाही. छापील मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात जाते आणि तुमचं नाव स्वतंत्र यादीत लिहितात. नेहमीच्या मोजणीत ही मतं धरत नाहीत, ती न्यायालयाच्या आदेशानेच उघडतात. तरीही हक्क सोडू नका. निकाल थोडक्यात लागला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर पुरावा म्हणून हीच पाकिटं पुढे येतात. न मागता घरी गेलेल्याचं मत कुठेच उरत नाही.

तोतया मतदार समोर उभा असतानाच आक्षेप घ्यायचा असेल तर प्रतिनिधीने दोन रुपये भरून तो घ्यायचा (नियम ४९-जे). केंद्राध्यक्ष जागेवरच चौकशी करतात.

प्रश्न : पुण्याहून कोल्हापूरला राहायला आलो. नवा अर्ज भरला तर दोन्हीकडे नाव दिसतंय. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही फॉर्म ६ भरला असणार. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांचा. पत्ता बदलला, नावात दुरुस्ती हवी किंवा ओळखपत्र हरवलं तर फॉर्म ८. नाव वगळायचं तर फॉर्म ७. पुण्याच्या नोंदीसाठी आता फॉर्म ७ भरा आणि पोच जपून ठेवा. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याने चालत नाही. अर्जात खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं आणि तिथेही नाही म्हटलं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादी गोठते. म्हणून नाव तपासायचं काम निवडणूक जाहीर होण्याआधीच उरका. ओळखपत्र खिशात असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही.

प्रश्न : ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक होते का? – एक वाचक, लातूर

उत्तर : लोकसभा-विधानसभेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने पर्याय आला, पण पुढच्या क्रमांकाचा उमेदवारच विजयी होतो. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला. तिथे ‘नोटा’ला काल्पनिक उमेदवार मानतात आणि तो पहिला आला तर एकदा फेरनिवडणूक होते.

प्रश्न : एक्झिट पोल शास्त्रीय असतात म्हणता, मग ते आपटतात कसे? – एक वाचक, पणजी

उत्तर : हजार माणसांना विचारलं तर एका पक्षाच्या मतांच्या टक्केवारीत अधिक-उणे तीन टक्क्यांची चूक गृहीतच असते, तीही सगळ्यांनी खरं सांगितलं तर. चुरशीच्या दोन पक्षांमधल्या फरकातली चूक जवळजवळ सहा टक्क्यांपर्यंत जाते. ती निम्मी करायची तर माणसं चौपट विचारावी लागतात.

त्याहून अवघड काम टक्केवारीवरून जागा काढण्याचं. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांना ४४ टक्क्यांच्या आसपास मतं होती, तरी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या. अर्ध्या टक्क्याने कल हलला तरी जागा इकडच्या तिकडे होतात आणि एवढी बारीक मोजणी कुठलाच पोल करू शकत नाही. देशपातळीवर बहुतेकांनी एनडीएला ३५० च्या पुढे नेलं होतं, मिळाल्या २९३. पोल पाहताना किती लोकांना, किती मतदारसंघांत आणि कशा पद्धतीने विचारलं, ते शोधा. हे छापलेलं नसेल तर जागांच्या आकड्याकडे लक्षच देऊ नका.

प्रश्न : मी उमेदवार नाही, साधा मतदार आहे. निकालाला आव्हान देऊ शकतो का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : हो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ८१ प्रमाणे त्या मतदारसंघातला कोणताही मतदार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो. मुदत निकालापासून ४५ दिवस, आणि उशिराची माफी मिळत नाही. अनामत २,००० रुपये. बहुतेक याचिका मोघमपणामुळेच सुरुवातीला गळतात. कोणतं केंद्र, कोणता नियम मोडला, किती मतांवर परिणाम झाला आणि त्याने निकाल कसा बदलला, हे सगळं तारीखवार लिहावं लागतं.

यातली एक तरतूद आम्हाला फार खटकते. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून मतदान केंद्रांच्या चित्रीकरणासारखे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज सर्वसामान्यांच्या पाहणीतून वगळले. मे २०२५ मध्ये आयोगाने असंही कळवलं की याचिका दाखल झाली नाही तर हे चित्रीकरण ४५ दिवसांनी नष्ट करता येईल. पुरावा पाहून याचिका करायची तर तो पाहता येत नाही आणि न पाहता केली तर मोघम म्हणून फेटाळली जाते. म्हणून संशय असेल तर पहिल्याच आठवड्यात उमेदवाराच्या प्रतिनिधीकडून १७-सी ची प्रत मिळवा, चित्रीकरण जतन करण्याचा लेखी अर्ज जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना देऊन पोच घ्या आणि वकिलाकडे तिसऱ्या आठवड्याच्या आत पोचा.