विडी कामगार स्त्रियांवरचं प्रकरण जर्नलला पाठवताना

प्रश्न असा आहे: सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांवरच्या प्रबंधातलं एक प्रकरण छापायचंय आणि एका जर्नलकडून 'तीन हजार भरा, आठ दिवसांत छापतो' असा निरोप आलाय, तर काय करावं?

त्या निरोपाला उत्तरच देऊ नका. दोन तज्ज्ञांकडून आठ दिवसांत लेख वाचून होत नाही. आयएसएसएन म्हणजे नुसता नोंदणी क्रमांक, त्यावरून दर्जा कळत नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तरी जाहिरातींत ती अजून झळकते! पीएचडीसाठी पेपरची सक्तीही २०२२ च्या नियमांत निघाली. तुमच्या विद्यापीठाचा नियम मात्र विचारून घ्या.

'इंडियन जर्नल ऑफ जेंडर स्टडीज' किंवा ईपीडब्ल्यूचा ('इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चा) 'रिव्ह्यू ऑफ विमेन्स स्टडीज' बघा. वर्गणीवर चालणारी जर्नलं सहसा लेखकाकडून पैसे घेत नाहीत. त्यांत ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे लेख सगळ्यांना फुकट वाचायला खुला ठेवणं, निवडलं तर फी लागते. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा.

खरं काम काटछाटीचं. विडी धंद्याचा इतिहास आणि पद्मशाली या तेलुगू भाषक विणकर समाजातल्या कुटुंबांचं स्थलांतर दोन परिच्छेदांत बसवा. 'स्त्रियांचं शोषण होतं' हे तपासणाऱ्याला माहीत असतं, त्यावर लेख उभा राहत नाही. विड्या मोजून घेताना खराब म्हणून किती बाद करायच्या हे कोण ठरवतं? बाद विड्यांची मजुरी बुडते, शिवाय पान-तंबाखू कमी पडली तर ती पदरच्या पैशाने आणावी लागते. हजारी दर (हजार विड्यांमागची मजुरी) कागदावर तोच, हातात मात्र कमी. या फरकाचा हिशेब तुमच्या मुलाखतींत असेल, तर लेखाचा दावा तिथेच आहे.

मुलाखती तेलुगूत, टिपणं मराठीत, लेख इंग्रजीत. मधलं भाषांतर कुणी केलं हे लिहायचं राहतं आणि तपासणारे नेमकं तेच विचारतात. नाव बदलूनही 'अमुक कारखान्यामागे राहणारी, तीन मुलींची विधवा' असं लिहिलंत तर अख्खी गल्ली तिला ओळखते. गल्ली आणि मुलींची संख्या काढा. वयाचा गट पुरतो.

लेख कुणाचा हे तपासणाऱ्यांना कळू नये म्हणून तुमचं नावही लपवायचंय. पहिल्या पानावरून ते सगळेच काढतात, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये आणि 'माझ्या प्रबंधात' या शब्दांत ते राहून जातं. आभार सध्या वगळा.

'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा, असं उत्तर आलं तर तो नकार नव्हे. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली बदल आणि पान क्रमांक द्या. जो शेरा पटला नाही, तिथे कारण लिहा, गाळू नका.